गल्लीतल्या बसची मोजणी

४ फेब्रुवारी

चिंगे,

आशीर्वाद. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी नाकबूल करतो. कागदाला ती सोय नाही. तेव्हा तूही कागदावरच उत्तर दे.

आपल्या गल्लीतून जी छोटी बस जाते, तिच्यात आठवडाभर एक इसम बसतोय. राखाडी टोपी, मांडीवर बॅग, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मागच्या दाराजवळ बसतो आणि कुणी चढलं की त्याच्या खिशात टक् वाजतं. उतरलं की टक्. मी मुद्दाम एका थांब्यावर पाय खाली टेकवला आणि परत वर आले. टक्, टक्. मोजतोय मेला!

ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "आम्हाला कोण काय सांगतंय, काकू? आम्ही फक्त चालवायची." शेवटी कोपऱ्यावरच्या शिंप्याने टोपीवाल्याला चहा पाजून काढून घेतलं. तो म्हणे एका संस्थेचा माणूस. परिवहन धोरणावर संशोधन करणारी, पुढारी घडवणारी, ना नफा तत्त्वावर चालणारी संस्था. नाव विचारायची मला गरजच पडली नाही. कारण अशी एकच संस्था मला ठाऊक आहे, आणि माझी सख्खी भाची पालिकेतली पक्की नोकरी सोडून तिथं वर्षभर नेतृत्व शिकायला गेली आहे.

ज्यांना नफा नको, त्यांना आमची डोकी कशाला हवीत?

माझं या बसवाचून किती अडतं ते तुला माहीत आहे. अर्धांगाचा झटका आल्यापासून आमचे हे, तुझे काका, शुश्रूषागृहात आहेत. नर्सने घास पुढे केला की ओठ मिटून घेतात, मी केला की तोंड उघडतात. ओळखतात म्हणून की सवय म्हणून, ते मी विचारत नाही. मुख्य रस्त्याला जायचं तर मधे तो दगडी जिना आहे आणि माझा गुडघा आहे. बस दारातून जाते म्हणून दुपारचं जेवण त्यांच्या पोटात जातं, एवढं सरळ आहे.

ही बस बंद करायचा घाट आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

आत्या


११ फेब्रुवारी

आत्या,

तुला नमस्कार, गुडघ्यालाही.

पत्र वाचून मला पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेतल्यासारखं झालं. अगं, संस्थेत एका वेळी कितीतरी अभ्यास चालू असतात. कोण कुठल्या बसमध्ये टोपी घालून बसलंय, मला कसं कळणार? मी इथं शिकायला आले आहे.

शिकतेय मात्र बरंच. पहिला आठवडा 'ऐकणं' होतं. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने मान डोलवायची आणि मत द्यायचं नाही. तुला हा अभ्यासक्रम झेपणार नाही. आमचे संचालक रोज सकाळी एक वाक्य देतात, ते आम्ही दिवसभर चघळायचं. कालचं होतं, "नेता हा थांबा नसतो, नेता हा मार्ग असतो." माझ्या शेजारी बस कंपनीचा उपव्यवस्थापक बसतो. तोही आमच्यासारखाच प्रशिक्षणार्थी. त्याने ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर, कुणी मोजत असेल तर मोजू दे. तू आणि गल्लीतले सगळे नेहमीसारखे वागा. याहून जास्त मला लिहिता येणार नाही.

काकांना माझा हात लाव.

चिंगी


१७ फेब्रुवारी

चिंगे,

पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

'याहून जास्त लिहिता येणार नाही.' म्हणजे याहून जास्त आहे. तुझा बाप लहानपणी अस्साच बोलायचा. "मी बरणीला हातसुद्धा लावला नाही," म्हणून सांगत यायचा, आणि तोपर्यंत कुणी बरणीचा विषयही काढलेला नसायचा.

आणि म्हणे 'नेहमीसारखे वागा'! असं फोटोग्राफर सांगतो, नाहीतर शाळेत तपासनीस यायच्या आदल्या दिवशी हेडमास्तर सांगतात. जो नेहमीसारखा वागतच असतो त्याला कुणी असं मुद्दाम सांगायला जात नाही. मी समोरच्या निवृत्त मास्तरांना तेवढी ओळ दाखवली. तेही म्हणाले, "यात सूचना आहे."

तेव्हा इशारा पोचला. आम्ही आमचं बघून घेतो. तू काही लिहिलं नाहीस, मी काही वाचलं नाही.

काका बरे आहेत. काल डबा पुसून खाल्ला.

आत्या


१५ मार्च

आत्या,

कसला इशारा? मी काहीही सुचवलेलं नव्हतं. लगेच विचारणार होते, पण आम्हाला डोंगरावर निवासी शिबिराला नेलं आणि तिथं टपालपेटीसुद्धा नव्हती.

शिबिरात विश्वासाचा तास होता. डोळे मिटायचे, हात छातीशी बांधायचे आणि मागच्या माणसावर सरळ पाठ टाकून द्यायची. माझ्या मागे उपव्यवस्थापक होता. झेललं त्याने नीट, पण झेलल्यावर इतका खूश दिसला की मला जरा खटकलंच. नंतर जेवताना म्हणाला, "तुमच्या प्रकल्पाचे आकडे ऐकले. आमच्याकडे सगळ्यांना फार आवडले." माझे आकडे त्यांच्याकडे कसे पोचले, हे विचारायच्या आधी तो दुसऱ्या टेबलावर गेला होता.

हो, मलाही प्रकल्प मिळाला आहे. एका छोट्याशा मार्गाचा अभ्यास. कुठला ते नियमाने सांगता येत नाही. पण मला वाटलं होतं बस रिकामी धावत असेल, आणि निघाली तुडुंब! संचालक याला 'सुप्त मागणी' म्हणतात. विश्वस्तांपुढे मला उभं केलं, टाळ्या वाजल्या. वर्ष संपल्यावर इथंच संशोधक म्हणून ठेवून घेतील, असं वारं आहे. पालिकेत पंधरा वर्षं ड्रेनेजच्या फायली हलवल्या, आत्या. माझ्यासाठी तिथं कुणी चुटकीसुद्धा वाजवली नव्हती.

गल्लीत सगळं ठीक ना? बसला हल्ली गर्दी असते का?

चिंगी


९ एप्रिल

भाचीबाईंस,

गर्दी असते का, हे तू विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही. ज्याला आकडा आधीच माहीत आहे तो विचारतो कशाला, असं मनात आलं. आता कळलं कशाला.

काल थांब्यावर पाटी लागली. 'वाढत्या प्रतिसादामुळे मार्गाचे उन्नतीकरण.' एवढ्या गर्दीला छोटी बस पुरत नाही म्हणून लांबलचक बस येणार. लांबलचक बस गल्लीत वळत नाही म्हणून मुख्य रस्त्याने जाणार. आणि आमचा थांबा एक जूनपासून रद्द. म्हणजे आम्ही बसला इतके आवडलो की ती आम्हाला सोडून चालली.

मास्तरांनी पाटी मोठ्याने वाचली, अगदी खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. तिथं संस्थेचं नाव होतं आणि अभ्यास करणाऱ्या प्रशिक्षणार्थीचं नाव होतं. आडनाव माझ्या माहेरचं! सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. शिंपी म्हणाला, "काकू, तुमच्या घरातलीच का?" मी म्हटलं, "आडनावं काय, कुणाचीही असतात."

टाळ्या पडल्या म्हणालीस. कुणाच्या घासावर पडल्या ते आता लिही.

आत्या


१६ एप्रिल

आत्या,

शिव्या दे, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

प्रकल्पांची वाटणी झाली तेव्हा तुझ्या गल्लीचा मार्ग उपव्यवस्थापक मागत होता. मी हात वर करून घेतला. जिथं नातेवाईक राहतात तो भाग घ्यायचा नाही असा इथं नियम आहे. मी तो मोडला आणि गप्प बसले. म्हटलं, माझ्या हातात असला तर निदान कुणी दगाफटका करणार नाही. चांगले आकडे आले की चांगलं काम होतंय असंही वाटायला लागलं. टाळ्यांचा भाग होता त्यात, नाही कशाला म्हणू?

आता तू मला सांग. काल मी टोपीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या मार्गावरची माणसं फार हौशी. शेवटच्या थांब्यावर उतरतात, बसला वळसा घालतात आणि त्याच बसमध्ये परत चढतात. एक उंच म्हातारे गृहस्थ आहेत, ते चढल्याबरोबर हजेरी घेतात. एकदा एक बाई गैरहजर होत्या तर ते मलाच विचारायला लागले, त्या का आल्या नाहीत म्हणून!"

मी विचारलं, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

तो म्हणाला, "मला मोजायला सांगितलं होतं."

आत्या, तो हजेरी घेणारा म्हातारा कोण ते मला कळतंय. त्याला बसमध्ये कुणी बसवलं तेही कळतंय. पण माझ्या कळण्याचा उपयोग नाही. तू दोन ओळी लिहून दे, की ही गर्दी तुम्ही भरवली होती. सही करून दे. लवकर.

चिंगी


२१ एप्रिल

चिंगे,

लेखी मागतेस? सहीनिशी?

आता सगळं जुळलं. अभ्यास फसला, तर कुणाच्या तरी गळ्यात बांधायला हवा. तुझ्या संचालकाने सांगितलं असणार, म्हातारीकडून एक कागद आण, म्हणजे संस्था सुटली, तू सुटलीस आणि फसवणूक केली म्हणून आत्या अडकली. हेच शिकवतात का तिथं, ऐकण्याच्या तासाला?

मी काही लिहून देणार नाही. समजा, नुसतं समजा, एखाद्या गल्लीतल्या माणसांना वाटलं की बस रिकामी दिसली तर बंद होईल. समजा त्यांनी पाळ्या लावून घेतल्या, सकाळी शिंप्याकडचे, दुपारी गाण्याच्या क्लासच्या बायका, संध्याकाळी मास्तर आणि त्यांचे फिरायला जाणारे मित्र. तिकीट काढून बसले ना? तिकीट काढून बसमध्ये बसणं हा कुठला गुन्हा? आणि असं वागायला त्यांना कुणी सुचवलं, हे समजा त्यांच्याकडे कागदावर असलं तर?

तुझं पत्र मी जपून ठेवलं आहे. नीट विचार कर.

आत्या

ता. क. मास्तर म्हणतात ते हजेरी घेत नव्हते, विचारपूस करत होते.


२८ एप्रिल

आत्या,

माझं पत्र जपून ठेवलंस हे बरं केलंस. हेही ठेव.

परवा उपव्यवस्थापकाला स्पष्ट विचारलं, गल्लीतली गर्दी खोटी निघाली तर? तो हसला. म्हणाला, "मग दुसरा प्रस्ताव." गेल्या वर्षीपासून दोन्ही तयार आहेत म्हणे. गर्दी निघाली तर गल्ली अपुरी पडते म्हणून मार्ग बाहेर. गर्दी नाही निघाली तर बस तोट्यात म्हणून मार्ग बंद. "आम्हाला फक्त तुमच्या संस्थेचा शिक्का हवा होता. आमच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही ना." हे सगळं त्याने मला चहात साखर ढवळता ढवळता सांगितलं, जसं काही मी त्यांच्यातलीच आहे. मला वाटतं, तो तसंच धरून चालला होता.

म्हणजे तुझा पहिला संशय अगदी खरा होता. तू फक्त त्यांना हवं होतं तिथंच जाऊन उभी राहिलीस, आणि मी तुला हात धरून नेलं.

संचालकांकडे गेले. त्यांनी मान डोलवत ऐकून घेतलं, मत दिलं नाही. मग म्हणाले, "तुमची आत्या तिथं राहते हे तुम्ही आज सांगताय. उद्या लोक म्हणतील, आत्याचा थांबा वाचवायला ही स्वतःचाच अभ्यास खोटा ठरवते आहे." चुकीचं नाही बोलले ते. म्हणून मला तुझा कागद हवा आहे. तुला अडकवायला नको, माझ्यावर कुणी विश्वास ठेवावा म्हणून हवा आहे. लोक खोटे चढत होते हे ज्यांनी चढवलं त्यांनीच सांगितलं पाहिजे.

वीस मेला जाहीर सुनावणी आहे. तुझा कागद आला तरी आणि नाही आला तरी मी उभी राहणार आहे. इथलं माझं त्या दिवशी संपेल. पालिकेत माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला आहे, तो उठणार नाही.

यातही तुला डाव दिसत असेल तर मी काय करू, सांग.

चिंगी


५ मे

चिंगे,

परवा मी पाटीप्रमाणे वागून बघितलं. म्हटलं, जूनपासून जायचंच आहे तर आत्ताच सवय करावी. डबा घेऊन त्या जिन्याने निघाले. मधे कितीदा बसले ते विचारू नकोस. वर पोचले तेव्हा एक लांब बस पुढ्यातून निघून गेली. पुढची मिळाली, पोचले. नर्स म्हणाली, "आजी, ताट परत गेलं. तासभर प्रयत्न केला आम्ही." काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. डबा उघडला, वासही दिला. ओठ मिटलेलेच. जेवायची वेळ टळली होती आणि ती वेळच फक्त त्यांना कळते.

परत आले आणि तुझी सगळी पत्रं पुन्हा ओळीने लावून वाचली. डाव शोधत होते. एका ठिकाणी सापडलाही होता, पण मग वाटलं, एवढा लांबचा डाव खेळायची अक्कल तुझ्या बापाच्या घराण्यात नाही.

सोबत कागद ठेवला आहे. मसुदा मास्तर करून देणार होते, पण त्यांनी 'तथापि' पासून सुरुवात केली म्हणून मीच लिहिला:

'मी या गल्लीत राहते. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये आमच्या बसला जी गर्दी होती, ती मी जमवलेली होती. बस बंद होईल या भीतीने जमवली. भाचीने आम्हाला नेहमीसारखं वागायला लिहिलं होतं, मी त्याचा उलटा अर्थ घेतला. तिने तसं काही सुचवलं नव्हतं. खरे प्रवासी थोडे आहेत. दुपारच्या बसला मी, शिंप्याची आई, चौथ्या घरातला मुका सुतार आणि आणखी दोघं-तिघं, एवढेच. सगळे शुश्रूषागृहात जातो, कुणाला तरी जेवू घालायला. मोजायचं तर एवढं मोजा.'

खाली सही आहे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला कागद देऊन बसले आहे. सुनावणीला मी येणार नाही. ती भर दुपारी आहे, जेवणाच्या वेळेला. मुद्दामच ठेवली असणार.

आत्या


२४ मे

आत्या,

झालं.

सभागृह भरलं होतं. गल्लीतले सगळे आले होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, हा अभ्यास माझा आहे आणि तो खोटा आहे. तुझा कागद वाचून दाखवला. 'गर्दी मी जमवलेली होती' इथं मास्तर उठले आणि ओरडले, "आम्ही अस्सल प्रवासी आहोत! माझ्याकडे तिकिटं आहेत!" लोक हसले. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, "तुम्ही रोज कुठे जात होता?" मास्तर म्हणाले, "शेवटच्या थांब्यापर्यंत." "तिथं काय काम होतं?" मास्तर हातातली तिकिटं खिशात घालून खाली बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटच्या ओळी वाचल्या तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. मागून, जेवू घालून थेट तिकडूनच आलेली शिंप्याची आई म्हणाली, "खरं आहे ते." एवढंच. माईकशिवाय.

निर्णय असा: लांब बस मुख्य रस्त्याने जाणारच. पण छोटी बस दुपारी एक फेरी गल्लीतून मारेल, जाऊन-येऊन. प्रायोगिक तत्त्वावर, सहा महिने. ही सूचना कुणी मांडली असेल? उपव्यवस्थापकाने! पुढ्यात दोन वार्ताहर बसले होते, त्यांच्याकडे बघत मांडली. वहीतल्या रेघा मारलेल्या वाक्यांपैकी हे कुठलं, ते मला कळलं नाही. सहा महिन्यांनी काय, तेही नाही.

संचालकांनी व्यासपीठावरून माझ्या नैतिक धैर्याचं कौतुक केलं आणि संध्याकाळी नियमभंगाबद्दल मला कमी केलं. म्हणाले, हा प्रसंग पुढच्या तुकडीला शिकवू. नाव न घेता.

महिनाअखेर मला खोली सोडायची आहे. काम शोधेपर्यंत तुझ्याकडे आले तर चालेल का? नको असेल तर सरळ लिही. गल्लीपुढे तुझा कागद वाचला, मास्तरांना खाली बसवलं, त्याचा राग असणारच.

चिंगी


२९ मे

चिंगे,

राग आहेच. तुझ्यापेक्षा जास्त माझ्यावर आहे आणि सगळ्यांचा आहे. गाण्याच्या क्लासच्या बायका माझ्याकडे बघून सूर बदलतात. मास्तर खिडकी लावून घेतात. ती उन्हासाठी लावतात असं त्यांची बायको सांगते. शिंप्याने माझं शिवण परत पाठवलं, आणि त्याच्याच आईने तासाभराने स्वतः येऊन ते परत नेलं.

जूनची वाट न बघता त्यांनी बदल आत्ताच केला आणि दुपारची फेरी सुरू झाली. पहिल्या दिवशी पाच जण होतो. प्रत्येकाला खिडकी मिळाली. काकांनी वेळेवर तोंड उघडलं. सहा महिन्यांनंतर काय, हे मी आत्ता धरून बसत नाही. म्हणजे बसते, पण घास भरवताना नाही.

ये. मागची खोली झाडून ठेवली आहे. भाडं नाही, पण एका दुपारी काकांना तू भरवून बघायचंस. माझ्याशिवाय कुणाच्या हातून खातात का, हे मला एकदा कळायला हवं. खाल्लं तर मला थोडं वाईट वाटेल, तिकडे तू लक्ष द्यायचं नाहीस.

मुख्य रस्त्याला उतरू नकोस, सामान घेऊन तो जिना जमायचा नाही. सोमवारी दुपारच्या फेरीने ये. येतेस यावर माझा विश्वास आहे. तरी मी थांब्यावर उभी राहीन, आपल्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

आत्या